राज्य बदललं, आता गिफ्टेड प्रोग्रॅमचं काय?

आम्ही न्यू जर्सीहून जॉर्जियात आलो तेव्हा मुलगी तिसरीत जाणार होती. जुन्या शाळेचं गिफ्टेडचं, म्हणजे जास्त हुशार मुलांसाठीच्या खास शिक्षणाचं, पत्र मी पासपोर्टसारखं जपून आणलं होतं. नव्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ते वाचलं, झेरॉक्स काढली आणि आपुलकीनं सांगितलं, "हे फाइलला लावते, पण आमच्याकडे तिची तपासणी नव्यानं होईल." तपासणी झाली आणि मुलगी प्रोग्रॅममध्ये गेलीही, पण त्यात अर्धं वर्ष निघून गेलं. त्यातले निदान तीन महिने माझ्या अपुऱ्या तयारीमुळे गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी हे पत्र का चालत नाही ते पाहू. ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी कळते. अमेरिकेत गिफ्टेड मुलांना अमुक शिक्षण द्यायलाच हवं असा केंद्राचा कायदा नाही. 1988 चा जेविट्स कायदा आहे, पण तो संशोधनाला आणि प्रकल्पांना पैसे देतो, शाळांवर बंधन घालत नाही. विशेष शिक्षणाचं तसं नाही. मुलाचा आयईपी (विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा) असेल आणि तुम्ही राज्य बदललंत, तर नव्या डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला) स्वतःची तपासणी पूर्ण होईपर्यंत त्याच तोडीच्या सेवा द्याव्या लागतात. गिफ्टेडच्या शिक्क्यामागे असा आधार नाही. तो प्रत्येक राज्यानं, आणि बरेचदा प्रत्येक डिस्ट्रिक्टनं, आपापल्या व्याख्येनुसार दिलेला असतो.

व्याख्यांमध्ये फरक तरी किती? न्यू जर्सीत मुलाची तुलना त्याच डिस्ट्रिक्टमधल्या त्याच्या वयाच्या मुलांशी करतात. त्यासाठी राज्यानं एकच कटऑफ ठरवलेला नाही. जॉर्जियात नियम राज्याचे आहेत आणि आकड्यांत आहेत: बौद्धिक क्षमता, अभ्यासातली गती, सर्जनशीलता आणि प्रेरणा असे चार निकष, त्यातले तीन पार करायचे. नाहीतर दुसरी वाट अशी की बौद्धिक क्षमतेच्या चाचणीत तिसरीपासून पुढे 96 वा पर्सेंटाइल (दुसरीपर्यंत 99 वा) आणि अभ्यासाच्या चाचणीत 90 वा. फ्लोरिडात मुख्य निकष बुद्ध्यांकाचा, सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनं वर, म्हणजे साधारण 130. पेनसिल्व्हेनियाही 130 चा आकडा धरतं, पण इतर पुराव्यांवरही पात्रता देतं, आणि तिथे मुलासाठी जीआयईपी नावाचा लेखी आराखडा बनतो. ओहायोत मुलं ओळखणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे, पण ओळखल्यावर सेवा देणं नाही. कॅलिफोर्नियात 2013 मध्ये निधीची पद्धत बदलल्यापासून गेट हा गिफ्टेड मुलांचा प्रोग्रॅम ठेवायचा की नाही हे डिस्ट्रिक्ट ठरवतं. मग न्यू जर्सीचं पत्र जॉर्जियात चालेल कसं? जॉर्जियाच्या नियमात तर राज्यांमध्ये परस्पर मान्यता बंधनकारक नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून शिक्का तिथेच राहणार हे धरून चाला. सोबत येतो तो पुरावा, आणि तुमची सगळी मेहनत त्या पुराव्यावर व्हायला हवी.

एक अपवाद मोठा आहे. घरातलं कोणी सैन्यात सक्रिय सेवेत असेल, तर सैनिकी कुटुंबांच्या मुलांसाठी राज्यांमध्ये एक करार आहे. तो पन्नासही राज्यांनी स्वीकारला आहे. त्यानुसार नवी शाळा सुरुवातीला जुन्या शाळेतलं स्थान मान्य करते, गिफ्टेडसुद्धा. तपासणी ती नंतर करू शकते. तुमच्या बाबतीत हे लागू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. समोरच्या माणसाला ते आपणहून सुचेलच असं नाही.

घर ठरवण्याआधीचा फोन

लीजवर सही करण्याआधी नव्या डिस्ट्रिक्टच्या गिफ्टेड विभागाला फोन करा. हा विभाग शाळेत नसतो, डिस्ट्रिक्टच्या मुख्य कार्यालयात असतो. नावं वेगवेगळी असतात: व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत ॲडव्हान्स्ड ॲकॅडेमिक प्रोग्रॅम्स, नॉर्थ कॅरोलिनात एआयजी, वॉशिंग्टन राज्यात हायली केपेबल. वेबसाइटवर "गिफ्टेड" शोधून काही सापडलं नाही, तर प्रोग्रॅमच नाही असं समजू नका.

फोनवर विचारायचं ते मोजकंच आहे. या पत्त्यावरून कुठली शाळा लागते? गिफ्टेडचे वर्ग त्याच शाळेत आहेत की वेगळ्या सेंटरला जावं लागतं, आणि तिथे बस जाते का? बाहेरून आलेल्या मुलाची तपासणी वर्षभरात केव्हाही होते की ठरावीक काळातच? बाहेरचे चाचणीगुण किती जुने चालतात? आणि मॅग्नेट शाळा (खास विषयांची, अर्ज करून प्रवेश मिळणारी पब्लिक शाळा) असेल तर अर्जाची मुदत कधीची? मॅग्नेटचे अर्ज बरेचदा हिवाळ्यातच बंद होतात, प्रवेश मात्र पुढच्या ऑगस्टचा असतो. उन्हाळ्यात येणाऱ्या घराला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नवीन रहिवाशांसाठी वेगळी मुदत आहे का हेही तेव्हाच विचारा.

जुन्या शाळेतून काय काय घ्यायचं

माझी मोठी चूक इथे झाली. मी पात्रतेचं पत्र घेतलं, गुणांचा अहवाल घेतला नाही. पत्रात फक्त एवढंच होतं की मुलगी प्रोग्रॅममध्ये आहे. कुठली चाचणी, कुठल्या तारखेची, किती पर्सेंटाइल, यातलं काहीच नव्हतं. नव्या शाळेला तर नेमकं तेच हवं होतं. मी जुन्या शाळेला ईमेल केला तेव्हा जुलै उजाडला होता आणि ऑफिसात माणूस नव्हता.

न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात, जॉर्जियाच्या ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरतात. मधल्या दिवसांत दोन्हीकडची माणसं एकाच वेळी जागेवर सापडणं अवघड. म्हणून मे महिन्यातच लेखी मागणी करा. शाळेकडच्या आपल्या मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना फेर्पा या 1974 च्या केंद्रीय कायद्यानं दिला आहे आणि शाळेला त्यासाठी जास्तीत जास्त 45 दिवस मिळतात. नोंदी शाळा ते शाळा जातातच, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. स्वतःची एक पूर्ण प्रत काढा आणि पीडीएफही करून ठेवा.

त्या फायलीत असावं ते असं. दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं. प्रत्येक क्षमता चाचणीचा मूळ अहवाल, म्हणजे कॉगॅट, एनएनएटी, ओल्सॅट, विस्क यांपैकी जे झालं असेल ते, विभागवार गुण आणि तारखेसह. राज्याच्या परीक्षेचे निकाल. मॅप (वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या प्रगतीच्या) चाचण्या होत असतील तर सगळ्या हंगामांचे आकडे, कारण एका आकड्यापेक्षा चढती रेघ जास्त बोलते. जुन्या डिस्ट्रिक्टनं कुठल्या निकषांवर मूल निवडलं याचं एक पान. प्रोग्रॅममध्ये नक्की काय होतं याचं वर्णन: आठवड्यातून किती तास, कुठला विषय, पुलआउट (ठरावीक वेळी नेहमीच्या वर्गातून बाहेर नेऊन शिकवणं) की स्वतंत्र वर्ग. जीआयईपी, कोलोरॅडोतला एएलपी किंवा फ्लोरिडातला ईपी असेल तर तो आराखडा. मुलाच्या हातचं कामही ठेवा: स्वतःच्या शब्दांत लिहिलेली एक-दोन पानं, एखादं कोडं सोडवण्याची त्याची रीत, विज्ञानाचा प्रकल्प. आपण मदत केलेलं काम नको. वाचणाऱ्या शिक्षकाला ते लगेच ओळखू येतं.

जुन्या वर्गशिक्षकांचं पत्र मला फार मोलाचं वाटतं. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये शिक्षक एक निरीक्षण-तक्ता भरतात, आणि नव्या शाळेत तो ज्यांच्याकडे येतो त्यांनी तुमच्या मुलाला जेमतेम सहा आठवडे पाहिलेलं असतं. नव्या वर्गात बुजून बसलेलं मूल त्या तक्त्यात "प्रश्न विचारत नाही" असं उतरतं. जुन्या बाईंनी लेटरहेडवर लिहिलेले चार नेमके प्रसंग सोबत असले तर तो तक्ता एकटा पडत नाही. "हुशार आहे, गोड आहे" असं पत्र उपयोगाचं नाही. "अपूर्णांक शिकवताना तिनं आपणहून छेद समान करण्याची वेगळी रीत शोधली" असं हवं. शिक्षकांना हे मोकळेपणानं सांगावं. त्यांना राग येत नाही, उलट लिहायला सोपं जातं.

नाव नोंदवताना

पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि त्या राज्याच्या नमुन्यातली लसीकरणाची नोंद लागते. जॉर्जियात लसींचा 3231 आणि डोळे, कान, दात यांच्या तपासणीचा 3300 असे दोन फॉर्म असतात. जुन्या राज्याचा कागद जॉर्जियातल्या डॉक्टरांकडून किंवा आरोग्य विभागाकडून या नमुन्यावर उतरवून घ्यावा लागतो. हे राहिलं तर नोंदणीच पूर्ण होत नाही आणि पुढचं सगळं खोळंबतं. व्हिसा कुठला आहे याचा पब्लिक शाळेच्या प्रवेशाशी सहसा संबंध नसतो.

एका प्रश्नाशी मात्र आपल्यापैकी बरेच जण अडखळतात: घरी कुठली भाषा बोलता? "मराठी" लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते, अनेक राज्यांत वायडाची. त्या भीतीनं कित्येक घरं "इंग्रजी" लिहून मोकळी होतात. मी म्हणेन, खरं लिहा. इंग्रजी पक्कं असलेलं मूल ती चाचणी पार करतं आणि विषय संपतो. पक्कं नसेल तर त्याला मदत मिळायला हवी, आणि इंग्रजी शिकणारं मूल आहे म्हणून त्याला गिफ्टेडमधून सरसकट वगळता येत नाही, हे केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयानं 2015 च्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं होतं; ते मार्गदर्शन 2025 मध्ये मागे घेतलं गेलं. शिवाय घरात दुसरी भाषा आहे हे फाइलमध्ये असेल, तर शाब्दिक विभागातले कमी गुण वाचणाऱ्याला कारण कळतं.

लेखी विनंती

नोंदणीच्या वेळी तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. तो दोष माणसांचा नव्हे, ऑगस्टच्या गर्दीचा. पहिल्याच आठवड्यात ईमेल करा. तो गिफ्टेड कोऑर्डिनेटर आणि काउन्सेलर दोघांना जाऊ दे, वर्गशिक्षकांना प्रत. मजकूर असा असावा: "आमची मुलगी अमुक तारखेपासून आपल्या शाळेत तिसरीत आली आहे. आधीच्या डिस्ट्रिक्टमध्ये ती पहिलीपासून गिफ्टेड सेवेत होती. सोबत चाचण्यांचे अहवाल, निकषांचं पान आणि शिक्षकांचं पत्र जोडलं आहे. तिची गिफ्टेड पात्रतेसाठी तपासणी व्हावी अशी या पत्रानं विनंती करतो. संमतीपत्र कधी मिळेल आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होईल ते कळवावं." बस. मुलीला वर्गात कंटाळा येतो हे वाक्य घालू नका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्या शिक्षकाला दुखावतं आणि पात्रतेचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

तारखेचं महत्त्व असं की काही राज्यांत इथून घड्याळ सुरू होतं. ओहायोत बदलून आलेल्या मुलाची तपासणी पालकांनी मागितल्यास बदलीपासून 90 दिवसांत करावी लागते. पेनसिल्व्हेनियात पालकांची सही झाल्यावर मूल्यमापन 60 दिवसांत पूर्ण व्हावं लागतं, त्यात उन्हाळ्याची सुट्टी धरत नाहीत. व्हर्जिनियात संमतीपासून शाळेचे 90 दिवस. टेक्सासमध्ये आलेल्या नोंदी डिस्ट्रिक्टची समिती पाहते आणि स्थान ठरवते. तिथे पूर्ण फाइल असेल तर काम बरंच हलकं होतं. संमतीपत्र हातात आलं की त्याच दिवशी सही करून परत द्या. आमचं दप्तरात नऊ दिवस पडून होतं.

चाचणी आणि आकडे

जुने गुण पुरेसे ताजे असतील आणि नवं डिस्ट्रिक्ट तीच चाचणी मानत असेल तर ते वापरतात. जॉर्जियात दोन वर्षांच्या आतले लागतात. नाहीतर नवी चाचणी. कॉगॅट सर्वात जास्त दिसते. तिचे तीन भाग: शाब्दिक, संख्यात्मक आणि अशाब्दिक, प्रत्येकात तीन प्रकारचे प्रश्न. घडी घातलेल्या कागदाला भोकं पाडली तर उलगडल्यावर कसा दिसेल, हा त्यातलाच एक. असे प्रश्न मुलानं कधीच पाहिले नसतील तर प्रकार ओळखीचा व्हावा म्हणून दोन-तीनदा दाखवा, तेही पाच-दहा प्रश्न. महिनोन्महिने वर्कबुकं आणि क्लास लावू नयेत असं मला मनापासून वाटतं. घोकून आलेला आकडा मुलाला अशा वर्गात बसवतो जिथे रोज स्वतःला सिद्ध करावं लागतं, आणि ते ओझं सात वर्षांच्या पोराच्या पाठीवर येतं.

आकडा वाचताना आपल्याकडची टक्क्यांची सवय आड येते. 88 वा पर्सेंटाइल म्हणजे शंभरात 88 गुण नव्हेत. देशभरातल्या त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी 88 जणांच्या बरोबरीनं किंवा पुढे असा त्याचा अर्थ, म्हणजे चांगलाच निकाल. त्यात वयाची तुलना आणि इयत्तेची तुलना वेगळी असते. न्यू यॉर्क शहरात बालवाडीच्या प्रवेशाची वयोमर्यादा 31 डिसेंबरची आहे, जॉर्जियात 1 सप्टेंबरची. नोव्हेंबरात जन्मलेलं मूल न्यू यॉर्कहून जॉर्जियात आलं तर वर्गातलं सगळ्यात लहान असतं. क्षमता चाचणीत त्याची तुलना त्याच्या वयाशी होते, पण इयत्तेप्रमाणे तुलना करणाऱ्या अभ्यासाच्या चाचणीत स्वतःपेक्षा मोठ्या मुलांशी.

खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून विस्क करून घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. ही चाचणी 6 ते 16 वर्षांच्या मुलांची, एकेकट्यानं घ्यायची आणि महागडी. खर्च शेकडो डॉलरचा, कधी हजाराच्या वरही. काही डिस्ट्रिक्ट ती मानतात, फेअरफॅक्स त्यातलंच. जॉर्जियात बाहेरची चाचणी तपासणी सुरू करायला उपयोगी पडते, पण शाळेच्या चाचणीची जागा घेत नाही. म्हणून आधी लेखी विचारा, मग पैसे खर्च करा. तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेतली तर सरावामुळे गुण फुगतात आणि निकाल संशयास्पद ठरतो, हेही लक्षात असू द्या.

गणिताचं वेगळं बघा

गिफ्टेडचा निर्णय लांबला तर फारसं बिघडत नाही. गणिताची जागा चुकली तर मात्र वर्ष जातं. म्हणून गणिताची वाट गिफ्टेडच्या अर्जाला बांधून ठेवू नका. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये गणितात पुढे जाण्याचा मार्ग स्वतंत्र असतो आणि त्याची प्लेसमेंट चाचणी शाळा सुरू होण्याच्या आसपास होते. सोबत पुस्तकाचं नाव, कुठल्या प्रकरणापर्यंत झालं ते, आणि शेवटच्या दोन चाचण्या न्या. "ॲक्सिलरेटेड मॅथ" हे नाव दाखवून काही होत नाही. एका ठिकाणी त्याचा अर्थ एक वर्ष पुढे, दुसरीकडे तेच वर्ष जरा खोलात.

मूल मिडल स्कूलमध्ये असेल तर आणखी सावध राहा. आठवीत अल्जेब्रा वन करायचं असेल तर सहावीतच त्या रांगेत असावं लागतं. वेगळ्या क्रमानं शिकून आलेल्या मुलाच्या अभ्यासात मध्ये जागा रिकामी राहते. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं गुणोत्तराचं अख्खं प्रकरण दोन डिस्ट्रिक्टच्या मध्ये हरवलं. जुन्या डिस्ट्रिक्टमध्ये ते वर्षाच्या शेवटी येणार होतं, नव्यात वर्षाच्या सुरुवातीलाच झालेलं. शिक्षकांकडून नव्या वर्षाचा क्रम मागून घेतला असता तर उन्हाळ्याच्या दोन आठवड्यांत ते भरून निघालं असतं.

हायस्कूलच्या विशेष शाळांचं थोडक्यात: नॉर्थ कॅरोलिना स्कूल ऑफ सायन्स अँड मॅथेमॅटिक्स, इलिनॉय मॅथेमॅटिक्स अँड सायन्स ॲकॅडमी, व्हर्जिनियातलं थॉमस जेफरसन हायस्कूल अशा शाळांना रहिवासाची अट असते. मूल सातवी-आठवीत असेल तर तुम्ही कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या काउंटीत राहायला हवं, हे स्थलांतराचा महिना ठरवतानाच पाहा.

नकार आला तर

पत्र आल्यावर चार दिवस थांबा, मग पूर्ण गुण मागा. कुठला निकष किती फरकानं हुकला, हेच बघायचं. 96 हवे होते आणि 95 आले, तर चाचणीत तेवढी घटबढ स्वाभाविक असते. तिथे नवा पुरावा देऊन अपील करण्यात अर्थ आहे. अपिलाची मुदत फार थोडी असते, ती पत्रातच पाहा. अपिलात जुनीच कागदपत्रं पुन्हा देऊ नका. जे समितीनं पाहिलं नव्हतं ते द्या. 70 च्या घरात आले असतील, तर त्या दिवशी मूल आजारी होतं का, कॉम्प्युटरवर पहिल्यांदाच चाचणी देत होतं का, हे विचारा, आणि तसं काही नसेल तर पुढची तपासणी कधी करता येते ते लिहून ठेवा. एका भागात खूप वर आणि दुसऱ्यात खूप खाली असं चित्र असेल तर शिकण्यातली एखादी अडचण हुशारीमागे लपलेली असू शकते. अशा मुलासाठी विशेष शिक्षणाची तपासणीही लेखी मागावी.

मुलाला काय सांगायचं यावर घरात आधीच ठरवा. जुन्या शाळेत तू हुशार होतीस आणि इथे नाहीस, असाच अर्थ मुलं काढतात. मी मुलीला सांगितलं की प्रत्येक शाळेची बस वेगळ्या थांब्यावरून सुटते, आपण इथला थांबा शोधतोय. मराठी मंडळाच्या जेवणात "तुमची गिफ्टेडमध्ये आहे ना?" असं कोणी विचारलं तर ती ऐकत असते, हे लक्षात ठेवून उत्तर द्यायला मी शिकले.

आणि प्रवेश मिळाला तर पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना विचारा: पुलआउटच्या दिवशी वर्गात झालेलं काम मुलानं भरून काढायचं आहे का, आणि कधी? आमच्याकडे हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी दर मंगळवारी घरी येऊन दोन्हीकडचा गृहपाठ करत बसायची, आणि तो करायची गरजच नव्हती हे आम्हाला फार उशिरा कळलं.